गेटवे निवडताना: गोव्यातल्या ऑनलाइन दुकानदारांचे प्रश्न

स्वतःच्या वेबसाइटवर माल विकणाऱ्या वाचकांकडून पेमेंट गेटवेविषयी प्रश्न मागवले होते. पेमेंट गेटवे म्हणजे वेबसाइटवर गिऱ्हाइकाकडून ऑनलाइन पैसे घेऊन ते दुकानदाराच्या खात्यात पोचवणारी सेवा. आलेली बरीचशी पत्रं ‘सर्वांत स्वस्त कोणता?’ इथेच थांबतात. दर पाहायलाच हवा. पण दरामुळे धंदा अडतो तो क्वचित. पैसा मध्येच कुठे तरी अडकल्यामुळे अडतो तो जास्त वेळा. म्हणून या वेळी प्रश्न थोडे घेतले आहेत आणि उत्तरं तपशिलात दिली आहेत. दर बदलत राहतात, तेव्हा करार करण्याच्या दिवशी गेटवेचं त्या दिवसाचं दरपत्रक समोर ठेवा.

म्हापशाहून एक वाचक: काजूगर, कोकमाची सोलं आणि आगळ असा आमचा घरचा व्यवसाय आहे. शुक्रवारच्या बाजारात विक्री चांगली होते. आता वेबसाइट तयार केली आहे. तीन कंपन्यांनी दर दिले आहेत. एक सरसकट २ टक्के घेते, दुसरी १.७५ टक्के आणि वर वर्षाला ५,००० रुपये, तिसरी म्हणते यूपीआय मोफत आणि बाकी सगळ्यावर २.३ टक्के. कोणती घ्यावी?

नुसते टक्के शेजारी शेजारी मांडून हा हिशेब सुटत नाही. गिऱ्हाईक पैसे कशाने देतं, ते आधी धरावं लागतं. समजा महिन्याला एक लाखाची विक्री झाली. त्यातले ७०,००० यूपीआयने आले आणि ३०,००० कार्डाने. पहिली कंपनी २,००० रुपये घेईल. दुसरी १,७५० घेईल, शिवाय वार्षिक रकमेतला महिन्याचा वाटा ४१७, म्हणजे २,१६७. तिसरी फक्त कार्डांवर घेणार, म्हणजे ६९०. कार्डांचा वाटा ८७ टक्क्यांच्या वर गेला तरच पहिली तिसरीपेक्षा स्वस्त पडते. दुसरीचे ५,००० रुपये पहिलीच्या तुलनेत वसूल व्हायला वर्षाला २० लाखांची विक्री लागते. या आकड्यांवर १८ टक्के जीएसटी वेगळा धरा. ३,००० रुपयांच्या ऑर्डरवर २ टक्के म्हणजे ६० रुपये, त्यावर जीएसटी १०.८०, आणि खात्यात पडणार २,९२९.२०. हिशेबाच्या वहीत विक्री ३,००० चीच लिहायची आणि ७०.८० खर्चात टाकायचे. बँकेत पडलेली रक्कमच विक्री म्हणून लिहिली, तर वर्षअखेरीस जीएसटीच्या विवरणपत्राशी मेळ बसत नाही.

यूपीआय आणि रुपे डेबिट कार्डावर व्यापाऱ्याकडून घ्यायचा बँकांचा दर, म्हणजे एमडीआर, १ जानेवारी २०२० पासून शून्य आहे. तरीही सरसकट २ टक्के घेणारी कंपनी नियम मोडते असं समजू नका. ती आपल्या तांत्रिक सेवेचे पैसे लावते. आणि जी ‘मोफत’ म्हणते, तिला विचारा की यूपीआयला जोडलेल्या रुपे क्रेडिट कार्डाचं काय. लहान व्यापाऱ्यांना तिथे २,००० रुपयांपर्यंतच्या व्यवहारावर एमडीआर नाही, त्यापुढे लागू शकतो. व्हिसा आणि मास्टरकार्डच्या डेबिट कार्डांवर रिझर्व्ह बँकेने २०१८ पासून कमाल मर्यादा घातली आहे. आदल्या वर्षी २० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्यांना ०.४० टक्के, आणि एका व्यवहाराला जास्तीत जास्त २०० रुपये. त्याहून मोठ्यांना ०.९० टक्के आणि १,००० रुपये. क्रेडिट कार्डांना अशी मर्यादा नाही. म्हणून दरपत्रकात डेबिट, क्रेडिट, नेटबँकिंग, वॉलेट, ईएमआय आणि परदेशी कार्ड असे वेगवेगळे रकाने लेखी मागून घ्या. ‘साधारण दोन टक्के’ हे फोनवरचं उत्तर पुरेसं नाही.

यानंतर विचारायचं ते सेटलमेंटचं. बहुतेक गेटवे विक्रीनंतर दोन कामाच्या दिवसांनी पैसे खात्यात टाकतात. म्हणजे शुक्रवारी रात्रीची विक्री मंगळवारी हातात येते, आणि मध्ये बँकेची सुट्टी आली तर बुधवारी. काजूच्या हंगामात बिया रोखीने घ्याव्या लागतात, तेव्हा हे दोन-तीन दिवस अंगावर येतात. त्याच दिवशी पैसे देण्याची सोय काही ठिकाणी आहे, पण तिला वेगळा आकार पडतो. हंगामाचे दोन-अडीच महिनेच ती घेता येईल का, विचारून पाहा.

तुमच्या वतीने पैसे गोळा करून नंतर तुम्हाला देणाऱ्या कंपनीला नियमांच्या भाषेत पेमेंट अ‍ॅग्रीगेटर म्हणतात. तिला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागते आणि तुमचे पैसे बँकेतल्या वेगळ्या एस्क्रो खात्यात ठेवावे लागतात. परवानगी मिळालेल्यांची यादी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर आहे. रेझरपे, कॅशफ्री, पेयू, सीसीअ‍ॅव्हेन्यू ही नावं ओळखीची असली तरी ती यादी स्वतः उघडून पाहा, आणि करारावर असलेलं कंपनीचं पूर्ण नाव यादीतल्या नावाशी जुळवा. जाहिरातीतलं ब्रँडचं नाव आणि कंपनीचं नोंदलेलं नाव वेगळं असतं. नाव यादीत नसेल तर दर कितीही कमी असो, पुढे जाऊ नका.

तुमच्या आकड्यांवरून आमचं मत तिसऱ्या कंपनीकडे झुकतं; ती यादीत असेल आणि यूपीआयची अट लेखी देत असेल तर.

पत्रात नसलेली एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. वस्तू विकणाऱ्यांना गोव्यात ४० लाखांच्या उलाढालीपर्यंत जीएसटी नोंदणी लागत नाही, पण ही सवलत राज्यातल्या विक्रीपुरती आहे. तुमच्यासारखा करपात्र माल मुंबईला किंवा बेळगावला पाठवायचा, तर पहिल्या पाकिटापासून नोंदणी हवी. वेबसाइट उघडली की राज्याबाहेरची ऑर्डर येणारच. नोंदणी झाली की गेटवेच्या शुल्कावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिटही (स्वतःच्या करातून वजावट) घेता येतं. त्यासाठी गेटवेच्या खात्यात तुमचा जीएसटी क्रमांक पहिल्याच दिवशी भरून ठेवा.

डिचोलीहून एक गृहिणी: मी घरी खाजे, दोदोल आणि चवथीला नेवऱ्या करून व्हॉट्सअ‍ॅपवर ऑर्डर घेते. महिन्याला तीस-चाळीस ऑर्डरी असतात. क्यूआर पाठवते, लोक पैसे भरल्याचा स्क्रीनशॉट पाठवतात. दोनदा स्क्रीनशॉट खोटा निघाला. गेटवे घ्यायलाच हवा का?

नको. एवढ्या ऑर्डरींना वेबसाइट आणि गेटवे हा उगाच भार होईल. मात्र स्क्रीनशॉट हा पुरावा धरणं आजपासून बंद करा. तो कुणालाही दोन मिनिटांत बनवता येतो. प्रत्येक यूपीआय व्यवहाराला १२ अंकी संदर्भ क्रमांक असतो. तो मागा आणि तुमच्या स्वतःच्या बँकेच्या अ‍ॅपमध्ये जमा रकमेसमोर तोच क्रमांक दिसला, तरच डबा बांधा. बँकेचा म्हणून आलेल्या एसएमएसवरही विसंबू नका, तोही बनावट असू शकतो.

ऑर्डरी शंभराच्या घरात गेल्या की पेमेंट लिंक घ्या. बहुतेक गेटवे ती वेबसाइटशिवाय देतात. रक्कम आणि ऑर्डर क्रमांक घालून लिंक तयार करायची आणि व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायची. पैसे आले की तिच्यासमोर ‘पेड’ दिसतं आणि ताडून बघण्याचं काम उरत नाही. लिंकला मुदत घाला, २४ तास पुरेत. नाही तर चवथ उलटून गेल्यावर कुणी तरी जुन्या लिंकवर नेवऱ्यांचे पैसे भरतं आणि परत करण्याचं काम तुमच्याकडे येतं.

फोंड्याहून एक वाचक: आमचा अर्ज गेटवेने दोनदा परत पाठवला. कारण फक्त ‘कागदपत्रं जुळत नाहीत’ एवढंच दिलं. सगळे कागद खरे आहेत. काय चुकत असेल?

कागद खरे असूनही अर्ज परत येतो तो बहुतेक वेळा नावाच्या स्पेलिंगमुळे. आपल्याकडे तर ही अडचण घरोघरी आहे. नाईक हे आडनाव पॅनवर शेवटी ‘के’ने आणि जुन्या बँक खात्यावर पोर्तुगीज वळणाने ‘क्यूयूई’ने लिहिलेलं असतं, कामत, प्रभू, शेणवी यांचंही तसंच. खातं तपासायला गेटवे त्यात एक रुपया टाकतं आणि बँकेकडून परत आलेलं नाव पॅनवरच्या नावाशी संगणक जुळवतो. त्याला हे एकच आडनाव आहे हे कळत नाही. आधी पॅन आणि बँक खातं यांवरचं नाव अक्षरशः एक करून घ्या. दोन्हींपैकी बँकेतलं नाव बदलणं सहसा सोपं जातं.

धंदा एकट्याच्या मालकीचा असेल आणि दुकानाला वेगळं नाव असेल, तर त्या नावाचा एखादा सरकारी कागद लागतो. उद्यम नोंदणी, जीएसटी प्रमाणपत्र किंवा दुकान नोंदणी, यांतला कुठलाही चालतो. भागीदारीत भागीदारी पत्र आणि संस्थेचं स्वतःचं पॅन हवं. भागीदाराचं वैयक्तिक पॅन दिलं की अर्ज हमखास परत येतो.

दुसरं कारण वेबसाइटवरच असतं. तपासणारा माणूस ती उघडून पाहतो. माल आणि त्याची रुपयांत किंमत, संपर्काचं पान, अटी, गोपनीयता धोरण, माल पोचवण्याची मुदत, रद्द करण्याचे आणि पैसे परत देण्याचे नियम ही सगळी पानं उघडली पाहिजेत. ‘लवकरच येत आहे’ लिहिलेलं एकही पान नको. परताव्याचं पान दुसऱ्या साइटवरून उचललेलं असलं, की त्यात दुसऱ्याच दुकानाचं नाव राहून जातं. हे आवर्जून तपासा. २०२० च्या ई-कॉमर्स ग्राहक संरक्षण नियमांप्रमाणे कायदेशीर नाव, पत्ता आणि तक्रार निवारण अधिकाऱ्याचं नाव साइटवर द्यावं लागतं. तक्रारीची पोच ४८ तासांत द्यायची आणि महिन्याभरात ती सोडवायची. छोट्या दुकानात हा अधिकारी म्हणजे मालक स्वतः असला तरी चालतं, पण नाव आणि फोन हवाच. खाद्यपदार्थ असतील तर एफएसएसएआय क्रमांकही लावा.

मडगावहून एक वेब डेव्हलपर: माझ्या ग्राहकाचं दुकान वूकॉमर्स या ऑनलाइन दुकानाच्या सॉफ्टवेअरवर आहे. दर आठवड्याला चार-पाच जण सांगतात की पैसे कापले गेले, पण ऑर्डर ‘पेंडिंग’ किंवा ‘कॅन्सल्ड’ दिसते. गेटवे म्हणतं चूक साइटची, साइट तर नीट चालते. गेटवे बदलावा का?

इतक्यात बदलू नका. वर्णनावरून दोष बहुधा दोघांना जोडणाऱ्या दुव्यात आहे, आणि तो नव्या गेटवेबरोबरही तसाच राहील.

मोबाइलवर गिऱ्हाईक पैसे भरतं तेव्हा ब्राउझर सोडून यूपीआय अ‍ॅपमध्ये जातं. पैसे भरून झाले की फोन खिशात घालतं, किंवा मेमरी कमी असल्यामुळे फोनच मागचा ब्राउझर बंद करतो. तुमची साइट ‘पैसे मिळाले’ हे ब्राउझर परत आल्यावरच मानत असेल, तर अशा प्रत्येक गिऱ्हाइकाची ऑर्डर पेंडिंगच राहणार. म्हणून ब्राउझरवर विसंबायचं नाही. गेटवेचा सर्व्हर तुमच्या सर्व्हरला थेट निरोप देतो, त्याला वेबहुक म्हणतात. ऑर्डर पक्की करायची ती त्यावरून.

वेबहुक लावलेला असूनही पोचत नसेल, तर गेटवेच्या डॅशबोर्डवर त्याची नोंदवही उघडा आणि तुमच्या सर्व्हरने कोणता आकडा परत दिला ते पाहा. ४०३ असेल तर फायरवॉल किंवा सुरक्षा प्लगइन त्याला अडवत आहे. ३०१ किंवा ३०२ असेल तर पत्ता चुकला आहे: ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू’ असलेला आणि नसलेला यांत गोंधळ, नाही तर लॉगिनच्या पानाकडे वळवणी. वेळ संपल्याची नोंद असेल, तर तुमचा कोड उत्तर देण्याआधी इनव्हॉइस बनवणं, ईमेल पाठवणं अशी कामं करत बसला आहे. निरोप साठवा, लगेच २०० (‘मिळालं’ असा आकडा) परत द्या आणि बाकी कामं मागाहून करा. निरोपाबरोबरची सही (तो गेटवेकडूनच आल्याची सांकेतिक खूण) जुळत नसेल तर बहुतेक वेळा कारण एकच निघतं. सही आलेल्या मूळ मजकुरावरून तपासायची असते, आणि फ्रेमवर्क तो आधी उलगडून पुन्हा बांधतं. एक मोकळी जागा इकडची तिकडे झाली तरी सही बदलते. टेस्ट आणि लाइव्ह यांच्या गुप्त कळा वेगळ्या असतात, तेही एकदा बघून घ्या.

‘कॅन्सल्ड’ दिसण्याचं कारण वेगळं आहे. वूकॉमर्समध्ये पैसे न आलेल्या ऑर्डरीसाठी माल राखून ठेवण्याची मुदत मुळात ६० मिनिटं असते. त्यानंतर ऑर्डर आपोआप रद्द होते. ग्राहकाच्या बँकेचा होकार कधी कधी त्याहून उशिरा येतो. तेव्हा पैसे आले पण ऑर्डर मेलेली, अशी अवस्था होते. अशा वेळी काय करायचं ते आधीच ठरवून कोडमध्ये घाला. माल शिल्लक असेल तर ऑर्डर जिवंत करा, नसेल तर त्याच क्षणी रिफंड द्या. दोन्हींपैकी काहीच न करणं हे सर्वांत वाईट, कारण मग ग्राहक बँकेत तक्रार करतो.

एकच निरोप दोनदा येऊ शकतो आणि क्रम उलटाही असू शकतो. पेमेंट क्रमांक डेटाबेसमध्ये अद्वितीय ठेवा, म्हणजे एका पैशात दोन पार्सलं जाणार नाहीत. शिवाय दर पंधरा मिनिटांनी चालणारं एक काम लावा: पंधरा मिनिटांहून जुन्या प्रत्येक पेंडिंग ऑर्डरीची स्थिती त्याने स्वतःहून गेटवेला विचारावी. वेबहुक हुकला तरी हे जाळं धरतं.

कार्डाच्या बाबतीत ‘ऑथराइज्ड’ आणि ‘कॅप्चर्ड’ हा फरकही तपासा. पहिल्यात बँकेने रक्कम फक्त राखून ठेवलेली असते, दुसऱ्यात ती प्रत्यक्ष वसूल झालेली असते. कॅप्चर आपोआप होण्याची सोय बंद राहिली, तर ठरावीक दिवसांनी ती रक्कम ग्राहकाकडे परत जाते आणि दुकानदार मात्र माल पाठवून बसलेला असतो.

पुढेमागे गेटवे बदलायची वेळ आलीच तर रकमेच्या एककाकडे लक्ष द्या. काही गेटवेंना रक्कम पैशांत द्यावी लागते, काहींना रुपयांत. ५०० रुपयांसाठी ५०,००० लिहायचं तिथे ५०० लिहिलं, तर ग्राहकाकडून पाच रुपये कापले जातात आणि चाचणीत ते कुणाच्या लक्षातही येत नाही. रक्कम नेहमी सर्व्हरवर ठरवा, ब्राउझरकडून आलेली स्वीकारू नका. गुप्त कळ जावास्क्रिप्टमध्ये किंवा मोबाइल अ‍ॅपमध्ये कधीही ठेवू नका.

ग्राहकाला काय सांगायचं तेही पक्कं असू द्या. पैसे कापले गेले आणि दुकानापर्यंत खात्री पोचली नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या २०१९ च्या नियमाप्रमाणे व्यवहारानंतर पाच दिवसांत रक्कम आपोआप परत यायला हवी. त्यापुढे दर दिवसाला १०० रुपये भरपाई ग्राहकाला मिळते. हे यूपीआयला लागू आहे आणि ऑनलाइन कार्ड व्यवहारालाही. त्याच्याकडून फक्त संदर्भ क्रमांक, तारीख आणि रक्कम मागा. पिन, ओटीपी किंवा स्क्रीन शेअर मागणार नाही, हे त्याच संदेशात लिहा. अशा तक्रारींच्या आडून फसवणारे लोक टपलेले असतात.

पर्वरीहून एक वाचक: आम्ही कुणबी साड्या ऑनलाइन विकतो. एका ग्राहकाने साडी मिळाल्यावर दोन महिन्यांनी ‘माल मिळालाच नाही’ म्हणून कार्डाच्या बँकेत तक्रार केली आणि गेटवेने ६,२०० रुपये आमच्या खात्यातून काढून घेतले. आता चवथीच्या आधी विक्री वाढेल. हे टाळायचं कसं?

याला चार्जबॅक म्हणतात. कार्ड कंपन्यांच्या नियमांत ग्राहकाला साधारण १२० दिवसांपर्यंत तशी मागणी करता येते, त्यामुळे दोन महिने हा उशीर धरला जात नाही. गेटवे तुम्हाला उत्तराला थोडेच दिवस देतं. तो ईमेल जाहिरातींच्या फोल्डरमध्ये पडून राहिला, तर लढण्याआधीच हार होते. या ईमेलसाठी वेगळा पत्ता ठेवा आणि तो रोज उघडा.

पुरावा म्हणून बिल, पार्सलचा क्रमांक (स्पीड पोस्टचा असेल तर १३ अक्षरी), पोचल्याची नोंद, ऑर्डरीतला पत्ता आणि पोचलेला पत्ता एकच असल्याचं दाखवणारं पान, आणि ग्राहकाशी झालेलं बोलणं असं सगळं एकाच पीडीएफमध्ये द्या. पोस्टाच्या साइटवरची जुनी नोंद कायम राहत नाही, म्हणून पार्सल पोचलं त्याच दिवशी त्या पानाची प्रत काढून ठेवा. पाच हजारांच्या वरच्या साडीला सही घेऊनच पार्सल द्यायला सांगणं फायद्याचं. ‘हा व्यवहार मी केलाच नाही’ अशी तक्रार असेल आणि ओटीपी घेतलेला असेल, तर जबाबदारी सहसा कार्ड देणाऱ्या बँकेवर जाते. ‘माल मिळाला नाही’ ही मात्र दुकानाचीच.

पुष्कळ तक्रारी खोट्या नसतात, नाव न ओळखल्यामुळे झालेल्या असतात. ग्राहकाच्या स्टेटमेंटवर दुकानाच्या नावाऐवजी मालकाचं किंवा कंपनीचं नाव छापून येतं आणि तो घाबरतो. ते नाव बदलून देता का, असं गेटवेला विचारा. जमत नसेल तर ऑर्डरीच्या ईमेलमध्येच ‘स्टेटमेंटवर अमुक नाव दिसेल’ असं लिहा.

चवथीच्या गर्दीचं म्हणाल, तर एरवी महिन्याला दोन लाख येणाऱ्या खात्यात आठवड्यात सहा लाख आले, की गेटवेची जोखीम यंत्रणा सेटलमेंट थांबवू शकते, आणि नेमकं विणकरांना पैसे द्यायच्या वेळी. तीन आठवडे आधी ईमेलने कळवा: अपेक्षित विक्री, सरासरी ऑर्डर, कोणत्या तारखांना. थांबवलंच तर मागतील ती बिलं आणि खरेदीच्या पावत्या तयार ठेवा. आणखी एका गेटवेचं खातं मंजूर करून बाजूला ठेवावं असंही आम्ही सुचवू. २०२२ च्या अखेरीला रिझर्व्ह बँकेने काही मोठ्या कंपन्यांना नवे व्यापारी घ्यायला मनाई केली होती आणि काहींवरची ती उठायला वर्ष लागलं. ऐन वेळी दुसरं दार ठोठावणाऱ्यांची तेव्हा पंचाईत झाली.

काणकोणहून एक वाचक: आमचं पाळोळ्याला होमस्टे आहे. परदेशी पाहुण्यांकडून आगाऊ रक्कम ऑनलाइन घ्यायची आहे. काही जण कार्डाचा नंबर व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवतात, तो वापरावा का?

अजिबात नाही. तो नंबर तुमच्या फोनमध्ये राहणं हीच जोखीम आहे, त्यामुळे आलाच तर तो संदेश पुसून टाका आणि लिंक पाठवा. १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतातल्या दुकानांना आणि गेटवेंना ग्राहकांच्या कार्डांचे नंबर साठवून ठेवता येत नाहीत, त्याजागी टोकन, म्हणजे नंबराऐवजीचा सांकेतिक क्रमांक, वापरावं लागतं. कार्डाचा नंबर गेटवेच्याच पानावर भरला जाऊ दे, तुमच्या साइटच्या फॉर्ममध्ये नको.

परदेशी कार्डं आपोआप सुरू नसतात, वेगळा अर्ज लागतो. पर्यटन खात्याकडची नोंदणी विचारली जाईल, ती जवळ ठेवा. दर साधारण ३ टक्के आणि वर जीएसटी असा असतो. काही देशांच्या कार्डांना ओटीपी नसतो, तिथे फसवणुकीचा बोजा तुमच्यावर येऊ शकतो. म्हणून पूर्ण भाडं आगाऊ न घेता पहिल्या रात्रीचं घ्या. रिफंड त्या दिवसाच्या विनिमय दराने जातो आणि पाहुण्याला चार पैसे कमी मिळतात, हे अटींत आधीच लिहा. रशियन पाहुण्यांना लिंक पाठवून उपयोग नाही: मार्च २०२२ पासून रशियन बँकांची व्हिसा आणि मास्टरकार्ड रशियाबाहेर चालत नाहीत. उरलेली रक्कम इथे आल्यावर यूपीआयने घेता येते. परदेशी प्रवाशांसाठी यूपीआय वन वर्ल्ड नावाचं प्रीपेड वॉलेट आहे. ते पासपोर्ट आणि व्हिसा दाखवून मिळतं.

आणि रक्कम परदेशातून आली म्हणून ती निर्यात ठरत नाही. खोली गोव्यात आहे, त्यामुळे नोंदणी असेल तर जीएसटी नेहमीप्रमाणे लागतो.

फोंडा तालुक्यातून एका देवस्थान समितीचे सदस्य: आमचे महाजन (देवस्थानचे हक्कदार) आणि कुळावी (त्याला कुलदैवत मानणारे) जगभर आहेत. अभिषेक आणि देणगीसाठी वेबसाइटवर गेटवे लावायचा आहे. काय सांभाळावं?

खातं देवस्थानच्याच नावाचं हवं. खजिनदाराच्या वैयक्तिक खात्यावर सुरुवात करून मग बदलू, असं करू नका. देवस्थानचं पॅन, नियमावली, समितीचा ठराव आणि सही करणाऱ्यांची नावं एवढं लागतं. देणगीचा वर्ग वेगळा असतो, दुकान म्हणून अर्ज करू नका.

परदेशी कार्डं मात्र बंद ठेवा. विदेशी योगदान नियमन कायद्याखाली गृह मंत्रालयाची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असल्याशिवाय परदेशी नागरिकाची देणगी घेता येत नाही, आणि नोंदणी असली तरी ती रक्कम स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच यावी लागते. आपल्याकडे हा प्रश्न नाजूक आहे. दुबईत नोकरी करणारा भारतीय पासपोर्टधारक स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत देणगी देतो, ती विदेशी योगदान नाही. त्याच घरातला पोर्तुगीज पासपोर्ट घेतलेला भाऊ देतो, ती आहे, मग त्याच्याकडे ओसीआय (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांचं) कार्ड असलं तरीही. म्हणून देणगीच्या फॉर्मवर ‘मी भारतीय नागरिक आहे’ ही चौकट ठेवा. ती आधीच खूण केलेली नसावी. देणाऱ्याने स्वतः खूण केल्याशिवाय पुढे जाता येऊ नये.

समिती बदलली की गेटवेवरचा मोबाइल नंबर, ईमेल आणि सही करणारे त्याच आठवड्यात बदलून घ्या. लॉगिनचा ओटीपी जुन्या खजिनदाराच्या फोनवर जात राहिला, तर नव्या समितीला आपल्याच देणग्यांची यादी दिसत नाही.

वाळपईहून एक वाचक: काजूगरांबरोबर वेबसाइटवर फेणीच्या बाटल्याही ठेवल्या होत्या. गेटवेने सगळं खातंच गोठवलं. फेणीला तर २००९ साली भौगोलिक मानांकन मिळालं आहे, मग हरकत कसली?

मानांकन नावाचं रक्षण करतं, विक्रीचा परवाना देत नाही. मद्यावरचं अबकारी धोरण प्रत्येक राज्याचं वेगळं आहे आणि गोव्यातला परवाना महाराष्ट्राच्या किंवा कर्नाटकाच्या हद्दीत चालत नाही. त्यामुळे मद्य हा माल गेटवेंच्या निषिद्ध किंवा खास मंजुरीच्या यादीत असतो आणि साइटवर तो दिसला की पूर्ण खातं थांबतं, काजूच्या पैशांसकट. फेणीची पानं नुसती लपवू नका, पूर्ण काढा. फोटो आणि शोधातली नोंदही काढा. मग आतापर्यंत विकलेल्या मालाची बिलं जोडून खातं पुन्हा तपासायची लेखी विनंती करा. अडकलेल्या रकमेचा तारीखवार तक्ता त्याच अर्जाला जोडा आणि रक्कम कधी सोडणार याची तारीख ईमेलवर मागा, फोनवर नको.